होडी क्वामेनाला नाही

मी कोबिना एग्यिर, राहणार अनोमाबू, इंग्रजांचा गोल्ड कोस्ट, सध्या जर्मनांच्या क्रिबी बंदरात पडावावर, म्हणजे आगबोटीचा माल किनाऱ्याला आणणाऱ्या होडीवर वल्हेकरी. अंगात ताप नाही, पोटात दारू नाही. मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत मिळाली तेवढ्या अक्षरांनी, माझ्याच हाताने हे लिहून ठेवतो. मागच्या आठवड्यात लाटेने आमचा पडाव उलटवला आणि माझ्या शेजारी बसणारा गडी परत वर आला नाही, म्हणून हे लिहिणं. मी मेलो तरच हे उघडावं. जिवंत आलो तर फाडायला मी आहे.

आम्हा फांटी लोकांत माणूस गेला की त्याचं सगळं आईच्या रक्ताकडे जातं, पोरांकडे नाही. मला सख्खा भाऊ नाही. म्हणजे वारस माझा मावसभाऊ क्वामेना. तो होडी घेणार, आणि रीतीप्रमाणे माझी बायको अराबा हिलाही आपल्या घरात घेणार. रीत वाईट नाही, विधवा उघड्यावर पडत नाही. पण वारस क्वामेना नसता तर! इंग्रजांचं मला फारसं काही पटत नाही. त्यांच्या कायद्यात दोन साक्षीदारांपुढे लिहिलेला कागद रीतीच्या वर बसतो, एवढं मात्र पटलं.

एक. किल्ल्यामागची खोली. आजीच्या भावाने बांधलेली. तेव्हा आमच्या किनाऱ्यापुढे आगबोटी रांगेने उभ्या राहत आणि पामतेलाची पिंपं वाळूवर मावत नसत. मग सरकारने रेल्वे सेकोंडीला नेली, माल तिकडे वळला, गोऱ्यांनी वखारींना कुलपं लावली आणि आमची तरणी पोरं दुसऱ्यांच्या किनाऱ्यावर वल्ही मारायला निघाली. सेकोंडीचं नाव निघालं की आमचे म्हातारे अजून थुंकतात. मला त्यांचं कळतं. खोली आईला. क्वामेनाने तिथे पाय ठेवू नये असं लिहिणार होतो, पण आई त्याला जेवायला बोलावणारच. माझ्यादेखत ती त्यालाच मोठा तुकडा वाढायची.

दोन. वल्हं. त्यावर आमच्या असाफोची, म्हणजे लढाऊ पथकाची मगर कोरलेली आहे. पथक बापाकडून येतं, आईकडून नाही, आणि क्वामेनाचा बाप पलीकडच्या पथकाचा. वल्हं माझा मुलगा ओतू याला. क्वामेनाने नुसता हात लावला तरी दोन्ही पथकं दगड उचलतील. हे कलम लिहिताना बरं वाटलं.

तीन. तांडेलकी. ही माझ्याकडे नाही, त्यामुळे देता येत नाही, तरी लिहितो. अनोमाबूला आमच्या पडावाचे तांडेल मामा होते; ते वारले तेव्हा सुकाणू सगळ्यांनी क्वामेनाच्या हातात दिलं. मी तिथेच उभा होतो. अराबा म्हणाली, "तुम्ही का नाही मागितलंत?"

"मागायचं कशाला? त्यांना दिसत नाही?"

ती हसली. "क्वामेनादादा लाट फुटायची वाट बघतात. तुम्ही लाटेशी भांडता."

खोटं बोलली असती तर विसरलो असतो. पुढच्या आगबोटीने मी निघालो.

चार. होडी. ही माझ्या कमाईची, कुळाची नाही. ती अराबाला. मासळी ती विकतेच, आता होडीही तिची. क्वामेनाला जाळं टाकायचं असेल तर वाटा तिच्याकडून ठरवून घ्यावा. पुढे मी लिहिलं होतं, 'ती क्वामेनाच्या घरात गेली तर होडी आईकडे जावी.' साक्षीदार एसिल्फीकाकांना वाचून दाखवलं.

काका म्हणाले, "अरे गाढवा, बायको म्हणजे पेटी आहे का कुलूप घालायला?"

"मग त्याला देऊ?"

"तू कोण देणारा? तू मेलेला असणार. होडी काढून घेतलीस तर तिला पोटासाठी त्याच्याच दारात जावं लागेल. तूच ढकलशील तिला."

दुसरा साक्षीदार आमुसू म्हणाला, "नाही तर मरूच नकोस. स्वस्त पडेल."

म्हणून ती ओळ खोडली आहे. खोडलेल्या जागी दोघांचे अंगठे घेतले. होडी अराबाची, ती कुठेही राहो, कोणाजवळही राहो. 'कोणाजवळही' हा शब्द मी दोनदा लिहिला, पहिल्यांदा शाई सांडली.

पाच. मेलेल्यांना दारू ओतून हाक मारतात, तेव्हा माझ्या नावाची दारू अराबाने ओतावी. ती क्वामेनाच्या अंगणात राहत असेल तर त्या अंगणात, पण तिनेच. त्याने ओतली तर मी येईन, उभा राहीन, पण ओठ लावणार नाही.

सही: कोबिना एग्यिर
साक्षीदार: एसिल्फी, अनोमाबू (अंगठा), आमुसू, राहणार लोमे (अंगठा)
मुक्काम क्रिबी, १७ मार्च १९०९