शालूचा पडदा

चि. सौ. शर्मिलास,

चंपाताईचा आशीर्वाद. आम्ही इथे कसब्यात ठीक. तुझे गुडघे कसे आहेत ते कळवू नकोस, परवाच फोनवर दोन्हींचं ऐकून झालंय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून हे पत्र तुझ्या नवऱ्याबरोबर, संजयभाऊजींबरोबर, साताऱ्याला पाठवते आहे.

आमच्या अक्षताच्या रुखवतात मांडायला तू बाहुलीचं घर करून पाठवलंस. छान आहे. "ताई, फक्त पुढची खिडकी बसवून घे" म्हणालीस. फक्त! काड्यांची चौकट मोठी, भोक लहान. विळीवर जरा तासलं तर भोक मोठं आणि चौकट आत दिवाणखान्यात पडली. पट्ट्या लावून बसवली. (गोंदाने माझा अंगठाही बसला. काचेवरचा ठसा त्याचाच.) आमचे हे लांबून पेपराआडून म्हणाले, "तिरकी वाटते." मी म्हटलं, "मग मान तिरकी करा." पुढे जाळी. डास काय बाहुली म्हणून सोडणार आहेत? चहाची गाळणी कापली. आता चहा चावून पितो.

एवढं करून खिडकी उघडीबोडकी दिसायला लागली. विहीणबाई आधीच म्हणाल्यात, "आमच्यात रुखवत बघायला शंभर बायका येतात." म्हणून पडदा. हळदीकुंकवात आलेल्या ब्लाउजपिसांचा गठ्ठा काढला, वरचाच राणी रंगाचा घेतला, जरीचा काठ खाली येईल असा कापला आणि चिकटवला. संध्याकाळी अक्षता ऑफिसातून आली आणि मटकन खालीच बसली. तो म्हणे सासरहून आलेल्या शालूचा ब्लाउजपीस! शिंप्याकडे न्यायला तिनेच कापून काढलेला. मग गठ्ठ्यावर का ठेवावा? तर उलट माझ्यावरच तोंड टाकलं, आणि आता बोलतच नाही. पडदा सोडवायला ओढून पाहिला तर सोबत भिंतच यायला लागली. उरलेला तुकडा घेऊन मंडईजवळच्या शिंप्याकडे गेले. तो म्हणतो, "काकू, एकच बाही निघेल. तशी शिवू? हल्ली चालतं." चालतं म्हणे! लग्नात विहीणबाईंसमोर मुलगी एका बाहीने उभी करू?

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना तेल लाव.

तुझी,
चंपाताई

ता. क. तुमच्या सुदर्शनच्या लग्नात तू घेतलेली साडी अशीच राणी रंगाची आहे. तिचा ब्लाउजपीस तू अजून शिवलेला नाहीस, मला माहीत आहे. तेवढा घेऊन लगेच ये.

आणखी एक. भाऊजी चपला घालून दारात उभे आहेत, पण हे लिहिणं भाग आहे. विहीणबाई आत्ताच न कळवता येऊन गेल्या. खिडकीपाशी वाकून म्हणाल्या, "कापड आमच्या शालूसारखंच दिसतंय." मी म्हटलं, "दिसणारच. माझ्या बहिणीने स्वतःच्या साडीतलं दिलंय." त्यांचे डोळे भरून आले. "अशी मावशी मिळायला नशीब लागतं, आता बाकीच्या खिडक्यांनाही हेच लावा" असं सांगून गेल्या. तेव्हा नुसता ब्लाउजपीस नको. साडीच घेऊन ये. कात्री माझ्याकडे आहे.