उंबेर्तोला काहीही देऊ नये

मी, फोर्तुनातो वापाया, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा लिंबात मुरवलेली मासळी म्हणजे सेविचे विकण्याचा, राहणार कायाओ बंदर, पेरू, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. वकीलबाई सोराइदा तेयो यांच्या सल्ल्याने आधी जेवून घेतले आहे. उपाशी माणूस वाटणीत चिक्कूपणा करतो, असे त्या म्हणतात.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेव मुलगी नीवेस आणि मुलगा आबेलार्दो यांना निम्मी-निम्मी. भांडायचेच झाले तर गिऱ्हाइकांसमोर भांडू नये.

कलम २. खानावळ, मासळीचा सुरा व मिरची वाटायचा पाटा नीवेसला. तिच्या हाताला माझ्यापेक्षा चांगली चव आहे. तोंडावर कधी म्हणालो नाही, आता लेखी देतो. अट एकच. दुपारी तीनला दार बंद. सेविचे दुपारीच खायचे, हा माझ्या वडिलांचा दंडक.

कलम ३. आबेलार्दोने लिमात मोठे रेस्टॉरंट काढले आहे. तिथे काळ्या दगडावर मासळीचे तीन तुकडे आणि फेसाचा एक ठिपका येतो, आणि वेटर त्या ठिपक्याचे चरित्र सांगतो. तिथे जेवून झाल्यावर मी शेजारी पाव खायला गेलो. माझ्या चोवीस खोल ताटल्या त्याला द्याव्यात. ताटली भरायची असते, हे त्याला कळो.

कलम ४. समोरच्या चिनी खानावळीचे मालक उंबेर्तो स्यू यांना काहीही देऊ नये. एकोणीस वर्षांपूर्वी आपल्या वाढदिवशी हे गृहस्थ संध्याकाळी सहाला बायकापोरांसह, नवे कपडे घालून माझ्या दारात आले आणि सेविचे मागू लागले. मी नियम सांगितला.

"आज माझा वाढदिवस आहे रे, फोर्तुनातो."

"मग भात खा. घरचाच आहे तुझा."

"म्हणजे तुझी मासळी दुपारीच नासते तर," असे ते गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. तेव्हापासून आमचे बोलणे नाही.

कलम ५. त्या दिवशी होडी उशिरा आली होती. पाच वाजता आलेला ताजा मासा माझ्याकडे बर्फात होता. मी वाढू शकलो असतो. नियम नुसता पुढे केला, खरी आडवी आली ती माझी ऐट. चूक माझी होती आणि तिचे मला फार वाईट वाटते.

शिवाय दर रविवारी नीवेस आपल्या सासूसाठी म्हणून त्यांच्याकडचा चाउफा भात नेते. नीवेसचे लग्न झालेले नाही. भात मी खातो.

कलम ६. मला पुरल्याच्या दिवशी, कलम दोन मोडून, संध्याकाळी सहाला खानावळ उघडावी व पहिली ताटली उंबेर्तोपुढे ठेवावी. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून त्याच्याकडून पैसे घ्यावेत. मग साक्षीदार तोच कशाला, असेही त्यांनी विचारले. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्या कोणाची सही घेत नाहीत, म्हणून. समोरासमोर मी हे बोलू शकलो नसतो आणि त्याने ऐकूनही घेतले नसते.

कायाओ, १४ ऑगस्ट २०१९
सही: फोर्तुनातो वापाया

साक्षीदार:
१. निकानोरा पाल्मा, मासळीविक्रेती
२. उंबेर्तो स्यू. सगळं वाचलं. तू मरेपर्यंत थांबायला मला सवड नाही. आज सहाला येतोय. पाच माणसं आहोत.