गरम भाताचे गोळे

प्रिय गेक लान,

तुला आशीर्वाद, मलाक्काच्या घरी सगळ्यांना माझी आठवण सांग. इथे सिंगापुरात खेंगकडे माझं ठीक चाललंय. सूनबाई काळजी घेते, जरा जास्तच घेते. साखर थोडी वर आहे, पण ती काय आजची आहे?

रविवारी खेंग म्हणाला, "आई, आज बाहेरचं नको, तुझ्या हातचा कोंबडी-भात कर." मग केला. उकळत्या पाण्यात कोंबडी सोडून आच बंद केली, आपली आई करायची तशी. भात तिच्याच चरबीत, आलं-लसूण घालून. त्याचे गोळेही वळले. भात निवला की गोळा फुटतो, म्हणून वाफाळताच घेतला.

सूनबाई बघतच राहिली. "अहो आई, चटके नाही बसत?"

मी म्हटलं, "पन्नास वर्षांची सवय आहे, बाई."

खेंग हसला. "आईचे हात नाहीत ते, उलथणी आहेत!"

लहानपणी गोळे वळताना तू हात झाडायचीस आणि मी गार पाण्याचा वाडगा पुढे सरकवायचे. मलाही तो लागायचाच. या वेळी लागला नाही. भांडी घासताना तळहातांवर चार फोड दिसले, तेव्हा कळलं.

खेंगला सांगितलेलं नाही. फोनवर बोलताना तो शेजारीच बसलेला असतो, म्हणून लिहून कळवते.

मांजरीला पिल्लं झाली का? आणि तू अजून गोळे वळतेस ना? हात भाजतात का तुझे? भाजत असतील तर बरं आहे.

तुझी ताई