डावी चप्पल

अम्मी, सलाम.

हे पत्र तुम्हाला पाठवणार नाही, तुम्ही घाबराल.

हिद्दच्या जहाजांच्या यार्डात क्रेनखाली चिरडलेला तुमच्या इलियासचा डावा पाय इथल्याच कबरस्तानाच्या ओल्या वाळूत दफन केलाय. जखम आता भरलीय. पण गावी चला म्हटलं की हे म्हणतात, "पायाला एकटं कसं सोडू? गार पडलाय तो."

काल माझं डोकंच फिरलं. पलंगावर पाय नसलेल्या जागेकडे बघून ओरडले, "तिकिटं काढलीत! यायचं तर यल्ला, चल, तूही ये!"



आज सकाळी दारातल्या यांच्या डाव्या चपलेत ओली वाळू होती. आतून यांनी विचारलं, "आला का गं?"

मी चप्पल झटकली, आत आणली आणि पलंगापाशी ठेवली.

तुमची सून,
नाझिश
बहरीन