महापौरपदाच्या उमेदवारी अर्जावरील निळ्या अंगठ्याबाबत

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
महापौरपद निवडणूक,
महानगरपालिका मुख्य कार्यालय, दुसरा मजला,
जिन्यावरून डाव्या हाताची खोली.

विषय : थोरला मुलगा व धाकटी मुलगी या दोन्ही उमेदवारांच्या अर्जांवर सूचक म्हणून एकच बाई दिसत असल्याबाबत सदर बाईचे लेखी म्हणणे.

संदर्भ : आपली नोटीस, आज सकाळी कारखान्याच्या दाराला चिकटवलेली. (डिंक जरा कमी लावावा. सोलताना दाराचा रंग निघाला.)

महोदय,

१. खाली सही करणारी अर्जदार ही गणवेश शिवण्याच्या कारखान्याची मालकीण असून वय अडुसष्ट, शिक्षण शाळेत दुसरी, बाकीचे घरी. आपल्या खिडकीवरच्या कारकुनाने बजावले की, "आजी, अर्जात मी-मी करायचं नाही, अर्जदार म्हणायचं." अर्जदाराने जन्मभर मी-मीच केले आहे, हे सारी गल्ली सांगेल, पण सरकारी कागदाला सरकारी शिस्त. अर्ज अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. अक्षर वाकडे आहे, मजकूर सरळ आहे.

२. नोटिशीत असे आहे की, मुलाचा व मुलीचा अर्ज परवा दोन वेगळ्या खिडक्यांवर नेमक्या दोन वाजून चाळीस मिनिटांनी दाखल झाला. नियमाप्रमाणे एका सूचकाला एकच उमेदवार सुचवता येतो. तरी आधी कोणाला सुचवले ते अर्जदाराने आज चार वाजेपर्यंत लिहून द्यावे. आधीचा राहील, नंतरचा बाद होईल. लिहून न दिल्यास दोन्ही बाद.

म्हणजे पोटच्या दोघांपैकी कोणाला उभे ठेवायचे आणि कोणाला घरी बसवायचे, हे आईने चारच्या आत सांगायचे. आपल्या घड्याळात आत्ता तीनला दहा कमी आहेत. अर्जदार आपल्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहीत आहे. उजव्या हाताला मुलगा आहे. चार जागा सोडून डाव्या टोकाला मुलगी आहे. दोघेही समोरच्या भिंतीकडे बघत आहेत. भिंतीवर बघण्यासारखे काही नाही.

३. तिसरे उमेदवार आत्ताचे महापौर. हरकत त्यांच्या वकिलाने घेतली आहे आणि तो येथेच फेऱ्या घालत आहे. दोन्ही अर्ज पडले तर निवडणूक त्यांच्या खिशात, हे शेंबड्या पोरालाही कळते. आज सकाळी त्यांचा एक माणूस कारखान्यात आला, पांढरे बूट, चिंध्या चुकवत चालणारा. म्हणाला, "मावशी, कशाला जिवाला घोर? सही माझी नाही, अंगठाही माझा नाही, एवढं म्हणा आणि मोकळ्या व्हा. गणवेशाचं काम पुढची पाच वर्षं तुमच्याकडेच." अर्जदार म्हणाली, "आणि मुलं? तीही माझी नाहीत म्हणू का?" तो हसला. जाताना म्हणाला, "विचार करा. काम देणारा हात काढूनही घेतो." अर्जदाराने त्याला दाराबाहेरचा रस्ता दाखवला. पण त्याच्या बोलण्यात अर्धे खोटे होते तसे अर्धे खरेही होते, आणि ते त्याला ठाऊक नव्हते. ते खरे काय, हेच पुढे लिहायचे आहे. हात सारखा थांबतो, म्हणून आधी मागचे सांगते.

४. अर्जदाराचा अंगठा निळा आहे, तो आजचा नव्हे. बत्तीस वर्षांपूर्वी नवरा वारला आणि कारखाना गळ्यात पडला, तेव्हा दुसरीतली अक्षरे केव्हाच पुसली होती, अर्जदाराला सही येत नव्हती. शिवून झालेला प्रत्येक नग अर्जदार उजेडात धरून बघे, शिवण ओढून बघे आणि कमरपट्टीच्या आतून निळ्या शाईचा अंगठा उठवी. निळा अंगठा म्हणजे माल पास. सफाई कामगारांचे सगळे गणवेश आमच्याकडचे. ते म्हणत, "म्हातारीचा अंगठा लागलाय, आता फाटायचं नाव नको." तेव्हा अर्जदार म्हातारी नव्हती, पण कौतुकाला नाव ठेवू नये.

सही नंतर आली. मुलगी अकरा वर्षांची असताना कटिंगच्या टेबलावर शिंप्याच्या खडूने तिने अक्षरे काढून दिली आणि अर्जदाराने गिरवली. चुकले की ती बाहीने पुसायची आणि म्हणायची, "आई, परत." आईला 'परत' म्हणणारी त्या घरात ती एकटीच.

दोन वर्षांपूर्वी अंगठ्याची कातडी सोलवटू लागली. डॉक्टर म्हणाले, शाई बंद करा. तेव्हा मुलाने अर्जदाराच्या अंगठ्याचा रबरी शिक्का करून आणला, लाकडी मुठीचा. "आई, जन्मभर झिजलीस, आता बस कर." अर्जदाराला भरून आले होते. हे मुद्दाम लिहिले आहे, कारण पुढचे वाचून साहेबांनी मुलाला एकदम वाईट समजू नये. आत्तासुद्धा पाण्याच्या बाटलीचे झाकण अर्जदाराला उघडेना, तर न सांगता त्यानेच उघडून दिले. अर्जदार डॉक्टरांचे ऐकते थोडीच, नमुन्याच्या कपड्यावर अजून स्वतःचाच अंगठा देते. बाकी मालाचे कापड मुलगाच आणतो, त्यावर शिक्का उठतो, दिवसाला सहाशे वेळा. तो कोण उठवतो, कशावर उठवतो, हे अर्जदाराने विचारणे सोडले. हा अर्जदाराचा पहिला गुन्हा.

५. मुलगी सफाई खात्यात मुकादम होती, निवडणुकीसाठी नोकरी सोडली. आठ महिन्यांपूर्वी ती एक पँट घेऊन कारखान्यात आली. बसायच्या जागेवर वीतभर फाटलेली. शिवण उसवली नव्हती, कापडच गेले होते. कमरपट्टी उलटून म्हणाली, "आई, हा अंगठा तुझाच ना? माझ्या बायका भर रस्त्यात कमरेला शर्ट बांधून झाडतात."

अर्जदाराने कापडाला हात लावला नाही. मुलीलाच म्हणाली, "भावाच्या पोटावर पाय द्यायला निघालीस? ज्या कारखान्याचं खाल्लंस..."

"खाल्लं म्हणूनच आधी तुझ्याकडे आले. नाहीतर पेपरवाल्यांकडे गेले असते."

अर्जदाराने तिला चालते व्हायला सांगितले. ती झाली. पुढे भाऊ महापौरपदाला उभा राहतो म्हणताच बहीणही उभी राहिली, याच कापडावरून. शहराला नवा महापौर मिळो न मिळो, आमच्या घराला मधोमध एक भिंत मिळाली.

६. परवा, अर्ज भरायच्या दिवशी, सकाळी सात वाजता मशीन सुरू व्हायच्या आधी मुलगी आली. आठ महिन्यांनी. हातात उमेदवारीचा कागद. अर्जदार म्हणाली, "सही मागायला आलीस? लाज सोडलीस ती सोडलीसच."

ती म्हणाली, "सही नको देऊस. आधी एक ठाण उजेडात धर. बत्तीस वर्षं धरलंस, आज एकदा धर."

नव्या मालातले एक ठाण काढले. खिडकीशी नेले. कापडाखाली हात धरला. पाचही बोटे दिसली. नखेसुद्धा दिसली. साहेब, तो उजेड सकाळचा होता, कोवळा. दुपारचे ऊन तर अजून यायचे होते.

अर्जदार स्टुलावर बसली. म्हणाली, "कुठे करू सही?"

"आई, आधी नीट वाच."

"तू शिकवलेलं वाचता येतं मला. जागा दाखव."

तरी वाचले. सहीच्या वर ओळ होती, "मी अन्य कोणत्याही उमेदवारास सुचविलेले नाही व सुचविणार नाही." वाचून सही केली.

७. दहा वाजता मुलगा आला. "आई, माझी सूचक तूच. पोस्टरवर तुझाच फोटो आहे." अर्जदार म्हणाली, "आज हात दुखतोय. दुसरं कोणी बघ." हात दुखत नव्हता. बहिणीला सही दिली, हे त्याच्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. बत्तीस वर्षे गिऱ्हाईक, अधिकारी, व्यापारी कोणापुढे जी जीभ अडली नाही, ती पोटच्या पोरापुढे अडली. हा दुसरा गुन्हा. तेवढे बोलून अर्जदार अंगठ्याची पट्टी बदलायला डॉक्टरकडे गेली.

८. आज दुपारी याच बाकावर मुलाने एक टाइप केलेला कागद पुढे केला. त्यात काय होते ते विचारू नये. सोबत शाईची डबी उघडून म्हणाला, "आई, इथे फक्त अंगठा." आईला सही येते, हे तो विसरला होता, किंवा त्याला कधी बघायचे कारणच पडले नव्हते. अर्जदाराने तो कागद घडी करून खाली घातला आणि त्यावर बसली. अजून त्यावरच बसून लिहीत आहे. तो हळूच म्हणाला, "आई, माझा पडला तर लोक काय म्हणतील?" अर्जदाराने पुढची ओळ सुरू केली. मुलीने ऐकले.

तीन वाजून पंचवीस मिनिटे झाली. आता लिहिते.

९. आधी कोणाला सुचवले, हा आपला प्रश्नच चुकला आहे. अर्जदाराने एकालाच सुचवले. मुलीच्या अर्जावरची सही अर्जदाराची आहे. मुलाच्या अर्जावरचा अंगठा अर्जदाराचा नाही. तो रबराचा आहे.

पुरावा अंगठ्यावरच आहे. दोन महिन्यांपूर्वी कापड कापायच्या यंत्राचे पाते लागून अर्जदाराच्या अंगठ्याला आडवी चीर गेली, चार टाके पडले. आता अंगठा कशावरही उठवा, मधून पांढरी रेघ येते. मुलाच्या अर्जावरच्या अंगठ्याला रेघ नाही, कारण शिक्का दोन वर्षांपूर्वीचा. भिंग लागणार नाही. चष्मा पुरेल.

शिक्का कोणी उठवला ते अर्जदाराने पाहिले नाही, आणि जे पाहिले नाही ते अर्जदार लिहिणार नाही. तो शिक्का कारखान्याच्या खणात असतो, खणाला कुलूप नाही, एकशे चाळीस माणसे ये-जा करतात. आणि आईच्या अंगठ्यासाठी आईला काय विचारायचे, असे कोणाला वाटले असेल, तर तो धडा अर्जदारानेच दिला आहे. दोन वर्षे तो अंगठा न विचारताच उठत होता.

१०. सबब नम्र विनंती :

(अ) मुलाचा अर्ज सूचक नसल्याने बाद करावा. हे वाक्य लिहायला अर्जदाराला सर्वांत जास्त वेळ लागला, याची नोंद घ्यावी.

(ब) मुलीचा अर्ज ठेवावा. ती आवडती म्हणून नव्हे. मत कोणाला देणार ते गुप्त असते आणि अर्जदाराचे अजून ठरलेले नाही.

(क) शिक्क्याबद्दल शिक्षा असेल ती शिक्क्याच्या मालकिणीस, म्हणजे अर्जदारास द्यावी. उठवणाऱ्याचा शोध घेऊ नये. त्याची चौकशी घरी होईल. ती आपल्या चौकशीपेक्षा कडक असते.

(ड) महापौरांचे वकील हे वाचून पोलीस-पोलीस करतील. त्यांना सोबतची पँट दाखवावी. कमरपट्टीवर अर्जदाराच्या रबरी अंगठ्याला लागूनच त्यांच्या महापौरांच्या भांडाराचा 'तपासून घेतले' असा शिक्का आहे. शिक्क्यांची चौकशी काढायचीच तर दोन्ही शिक्क्यांची काढावी. आमचा तरी बिनडोळ्यांचा रबर होता.

उद्यापासून माल अर्जदार पूर्वीसारखा उजेडात धरून, स्वतःच्या अंगठ्याने पास करील. विरळ ठाणे परत जातील. गणवेशाचे काम राहिले तर त्यासाठी, गेले तर जे शिवू त्यासाठी. डॉक्टरांना जे म्हणायचे ते म्हणोत.

वेळेत वाचावे. चारला पाच मिनिटे कमी आहेत.

आपली नम्र (एरवी नसते),

अर्जदाराची सही
(सहीच आहे, अंगठा नव्हे)

दिनांक : छाननीचा दिवस
ठिकाण : आपल्या खोलीबाहेरचा बाक

सोबत :

१. फाटकी पँट, एक नग, दोन शिक्क्यांसह. मुलीने आठ महिने जपून ठेवलेली.

२. पांढऱ्या कापडाचा तुकडा. त्यावर डावीकडे अर्जदाराचा आजचा अंगठा, रेघेसह. उजवीकडे रबरी शिक्का, बिनरेघेचा.

३. सदर रबरी शिक्का, सकाळी खणातून पिशवीत घालून आणलेला, दोन तुकडे. कापडावर उठवून घेतल्यावर अर्जदाराने पिशवीतल्या कात्रीने येथेच बाकावर कापला. रबर जाड होते, कात्री सटकत होती. तेव्हा मुलाने शिक्का दोन्ही हातांनी घट्ट धरला, कापून होईपर्यंत. यावरून कोणताही अर्थ काढू नये.