इंजिनाच्या पितळी पाटीबद्दल

जुन्या रेल्वे इंजिनांच्या यार्डवाल्यांचा तीनदा फोन आला आणि तिन्हीदा शिरीष "आई झोपलीय" म्हणाला. मी समोर शेंगा सोलत होते.

आता मृत्युपत्र. मी सरला निशिकांत खोपकर, वय एक्याऐंशी, राहणार क्वीन्सटाउन, सिंगापूर. शिक्षण तिसरी. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरचा कागद टाचलाय. कुणाच्या दबावाखाली लिहीत नाही. मला दाबणारा दोन वर्षांपूर्वी गेला.

१. फ्लॅट मुलगा शिरीष आणि सून स्मिता यांना, निम्मा निम्मा. स्मिताचा हिस्सा तिच्याच नावावर.

२. यांचे पाने, हातोड्या नात अनघाला. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "आजी, आय डोन्ट नो हाऊ टू यूज लाह." शिकून घे.

३. हे रेल्वेत फिटर. सत्तावन्न साली विलायतेहून बोटीने डिझेल इंजिन आलं, तेव्हापासून रिटायर होईपर्यंत त्याच्याच पोटात हात. माझ्या बाळंतपणातही तिकडेच. इंजिन कामावरून काढलं तेव्हा साहेबाने त्याची नंबराची पितळी पाटी यांना दिली. २०११ साली इथल्या तंजोंग पगार स्टेशनातून मलेशियाला जाणारी गाडी बंद झाली, त्या दिवशी हे जेवले आणि झोपले. पुढच्या वर्षी गेले.

आता मलेशियातल्या यार्डात तसली तीन इंजिनं उभी आहेत. काही हौशी लोक एक वाचवणार, दोन भंगारात. सांगाड्यावरचा नंबर आपल्या पाटीशी जुळेल ते वाचेल. पण पाटीवर नंबर उरलेला नाही. दर खंडेनवमीला चिंचेने घासून मी तिला हळदकुंकू वाहिलं, पंचवीस वर्षं. शिरीषला वाटतं स्मिताने घासली. घरची लाज झाकायला तो फोनवर मला झोपवतो. स्मिताने पाटीला बोटही लावलेलं नाही. ती शिरीषची बोलणी खात होती आणि मी ऐकत होते.

४. नंबर माझ्या लक्षात नाही. खूण आहे. ड्रायव्हरच्या डाव्या दाराची खालची बिजागरी यांनी बदलली आणि तिच्याखाली पंचने तीन टिंबं ठोकली. म्हणायचे, "रजिस्टरात सही साहेबाची, इथे माझी." टिंबं ज्या इंजिनावर सापडतील, पाटी त्याला लावावी. नाहीच सापडली तर पाटी माझ्याबरोबर चितेवर ठेवू नये, पितळ वाया जातं.

हे कलम मी मरायची वाट न बघता आजच अमलात आणावं. भंगारवाला थांबत नाही.

साक्षीदार: प्रबोध कर्णिक, शेजारी. संजीवनी दळवी, शेजारीण.
सही: सरला नि. खोपकर
क्वीन्सटाउन, १२ एप्रिल २०१४

सहीखाली लिहिलेलंही धरावं: यार्डला फोन शिरीषने करायचा. नंबर कुणी घालवला, असं ते विचारतील. स्मिताने तोंड उघडायचं नाही. शिरीषने तिच्या देखत सांगायचं, "माझ्या आईने."