कंबर कोणाची

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
कर्मचारी वसाहत कार्यालय.

विषय : स्नानगृहाच्या भिंतीवरील बेसिन अर्जदाराच्या आईच्या कमरेएवढे खाली घेऊन मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा शेरा, "बेसिन योग्य उंचीवर आहे. वापरणारी व्यक्ती नाही."

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या आईला गुडघ्यांमुळे खाली बसून तोंड धुता येत नाही, म्हणून कार्यालयाने कृपावंत होऊन बेसिन मंजूर केले. ते बसवायला वसाहतीचे प्लंबर आले. उंचीमुळे सगळे त्यांना 'शिडी' म्हणतात. किती उंचीवर हवे, असे त्यांनी आतून विचारले आणि अर्जदाराने बाहेरच्या खोलीतून "कमरेएवढं" असे सांगितले. कोणाच्या, हा प्रश्न तेव्हा उद्भवला नाही. शिडी यांनी स्वतःची कंबर धरली.

२. कामाला नाव ठेवायला जागा नाही. ड्रिल सरकू नये म्हणून त्यांनी टाइलवर चिकटपट्टी लावली, एकाही टाइलला तडा जाऊ दिला नाही आणि बोल्ट असे आवळले की बेसिनला लोंबकळले तरी ते हलत नाही. लोंबकळल्याशिवाय आईला ते वापरताही येत नाही. तिची हनुवटी जेमतेम काठाला लागते. स्टुलावर चढून पाहिले, तेव्हा ती टॉवेलच्या दांडीमुळे वाचली. दांडी वाचली नाही. तिचा अर्ज स्वतंत्रपणे केला आहे.

३. तक्रारीवरून आपले पर्यवेक्षक आले. त्यांनी बेसिनमध्ये हात धुतले, अर्जदाराच्या टॉवेलला पुसले आणि बेसिन उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. तांत्रिक कारणाशिवाय टाइलला दुसऱ्यांदा भोक पाडता येत नाही, सबब जमीन उंच करून घ्यावी, असे सुचवले. तसा अर्ज केला असता, जमीन उंच केल्यास दार उघडणार नाही, असे उत्तर आले. दार कापण्याचा अर्ज सुतारकाम विभागाने, बेसिन आपल्या कक्षेत येत नसल्याचे कळवून परत केला.

४. आई पर्यवेक्षकांना एवढेच म्हणाली, "बाळा, वयाबरोबर माझी कंबर खाली आली. तुमचं बेसिन का येत नाही?" त्यांनी नोंद घेतली.

५. आता तिने पिशवी भरली आहे. अर्जदाराच्या बहिणीकडे नातवासाठी बेसिन खाली बसवले आहे, ते तिला बरोबर पुरते. रविवारी ती निघते आहे आणि परत कधी, हे सांगत नाही. ती गेली तर घर खायला उठेल. अर्जदाराला आई घरात हवी आहे. हे कारण तांत्रिक नाही, याची त्याला कल्पना आहे.

६. कंबर कोणाची, याविषयी पुन्हा घोळ होऊ नये म्हणून आईने भिंतीला टेकून, जमिनीपासून स्वतःच्या कमरेपर्यंतची सुतळी स्वहस्ते तोडून दिली आहे. शिडी यांनी तेवढ्यावरच खूण करावी, ही विनंती.

रविवारपूर्वी आपल्या होकाराच्या आशेवर असलेला,
आपला नम्र,
(सही)
अर्जदार, तळमजला, कोपऱ्यातील खोली
दिनांक : आजचा, गुरुवार

सोबत : सुतळी, एक. कृपया ताणू नये.